समस्त रहिवाशांच्या वतीने

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, वाचकांना बरं वाटलं पाहिजे." गमतीजमती आहेत, थोड्या लिहितेही. पण गेल्या वर्षी आमच्या मंडळाने एका माणसाला शांतता पुरस्कार दिला, तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून थंड झालेलं नाही. त्यामुळे बरं वाटण्याची हमी माझ्याकडे मागू नका.

मी मानपत्रं लिहिते. म्हणजे लिहीत होते. आता कोणी मागायला आलं तर नाही म्हणत नाही, एवढंच. मानपत्र म्हणजे काय हे हल्ली समजावून सांगावं लागतं. आज सत्कार म्हटलं की शाल, श्रीफळ आणि काचेचं एक जड स्मृतिचिन्ह, जे घरी नेल्यावर टीव्हीच्या बाजूला ठेवतात आणि महिन्याभराने माळ्यावर टाकतात. पूर्वी सत्कारमूर्तीचं कौतुक जाड कागदावर, कापलेल्या निबने, चांगल्या काळ्या शाईने लिहीत. नाव सोनेरी अक्षरांत, कडेने वेलबुट्टी. कार्यक्रमात ते आधी उभं राहून मोठ्याने वाचायचं आणि मग फ्रेमसकट हातात द्यायचं. मजकूर तयार करणं आणि तो अक्षरांत उतरवणं ही दोन्ही कामं मी करायचे. गिरगावात एका फ्रेमवाल्याच्या दुकानात जिन्याखाली माझं टेबल होतं. तिथे माझ्या कमरेची वाट लागली आणि पोटाची सोय झाली.

अक्षर बाबांचं. ते लालबागच्या मिलमध्ये कापडाच्या गाठींवर पत्र्याच्या साच्यातून नंबर मारायचे, आणि घरी आल्यावर काळाचौकीच्या आमच्या चाळीच्या नोटिसा लिहायचे. त्यांनी मला निब धरायला शिकवली आणि एक नियम घालून दिला. "स्तुती हवी तेवढी कर. माणसं त्याचसाठी येतात. पण एक वाक्य असं टाक की समोर बसलेल्यांनी आपोआप मान डोलावली पाहिजे. ते खरं असलं तरच डोलावतात."

त्या एका वाक्यासाठी मी खूप चपला झिजवल्या. परळच्या एका मिलमधले बॉयलरवाले निवृत्त होत होते. सहकाऱ्यांनी विशेषणांची यादी आणून दिली: कर्तव्यदक्ष, सेवाभावी, मनमिळाऊ. मी जाऊन त्यांनाच भेटले. ते म्हणाले, "बाई, कर्तव्यदक्ष बिक्ष काय नव्हतो मी. दुपारचा झोपायचो. पण माझ्या पाळीत बॉयलर कधी थंड पडला नाही. लिवायचं तर तेवढं लिवा." मी तेवढंच लिहिलं. ते वाक्य वाचल्यावर अख्ख्या खात्यातला माणूस न् माणूस उभा राहिला होता.

दादरची एक सून सासूच्या पंचाहत्तरीसाठी आली. म्हणाली, "सगळं चांगलं लिहा, फक्त 'प्रेमळ' नको. वाचणार मी आहे, माझ्या तोंडून निघणार नाही." मग खरं काय लिहू, असं विचारलं, तर म्हणाली, "मी नोकरीला लागल्यापासून त्यांनी रोज माझा डबा भरला. न बोलता." ते लिहिलं. वाचन झाल्यावर सासूबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "न बोलता हे खोटं आहे. मी बोलत होते." निवडणुकीला उभे राहू इच्छिणारे एक गृहस्थ अकरा विशेषणं घेऊन आले होते. कागदावर मावणार नाहीत म्हटलं, तर म्हणाले, कागद वाढवा.

धंद्याच्या आणखी दोन रीती सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. पहिली अशी की मानपत्र लिहिणाऱ्याचं नाव कागदावर कुठेही नसतं. कोपऱ्यातसुद्धा नाही. दुसरी म्हणजे शेवटची ओळ: 'आपले नम्र, समस्त रहिवासी.' कधी समस्त कामगार, कधी समस्त ग्रामस्थ. फार जुन्या काळी मानपत्र दारोदार फिरवून प्रत्येकाची सही घ्यायचे. मग तो त्रास नको म्हणून हा एक शब्द आला. हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब नाही, आणि तो लिहिताना हे समस्त म्हणजे नक्की कोण, असा प्रश्न मला कधी पडला नाही. सोयीचे प्रश्न पडतात माणसाला, गैरसोयीचे पडत नाहीत.

आता ज्यांना पुरस्कार मिळाला त्यांच्याबद्दल. आमच्याकडे त्यांना तात्या म्हणतात. पूर्ण नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. तरुणपणी ते आमच्या भागातल्या पोरांचे पुढारी होते. बंद पुकारला की तो पाळला जातो की नाही हे तात्यांची पोरं बघायची. पुढे ते मोठे झाले, गाड्या आल्या, केस पांढरे झाले.

तेव्हाच्या एका बंदची ही गोष्ट. आमच्या चाळीच्या तळाला रमाकांतची लाँड्री होती. रमाकांत आणि मी एकाच चाळीत वाढलो, एकाच बालवाडीत रडलो. कपडे धुवायला दुसरीकडे जायचे, इस्त्री तो स्वतः करायचा, आणि ती अशी की पँटच्या घडीने बोट कापेल. बंदच्या सकाळी त्याने शटर गुडघ्यापर्यंत वर केलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाईंची ड्यूटी होती, त्यांचे गणवेशाचे कपडे आत होते. ते काढून तो परत शटर ओढणार होता.

मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी होते. दूध केंद्राच्या कोपऱ्यावर तात्या जीपला टेकून उभे होते. त्यांनी दोन बोटं लाँड्रीच्या दिशेने हलवली. चार-पाच पोरं गेली. त्यांनी रमाकांतचा उजवा हात उंबरठ्यावर दाबून धरला आणि शटर वरून खाली सोडलं. मग परत वर केलं आणि परत सोडलं. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा तात्यांनी पंजा वर केला. नुसता पंजा, तोंडातून शब्द नाही. पोरं तिथल्या तिथे थांबली, हात झटकले आणि निघून गेली.

दुपारी पोलीस आले. मला विचारलं, काय पाहिलंत. मी सांगितलं, "मी आत होते. चहा टाकत होते." शेजारच्या खोलीतही तेच उत्तर मिळालं, तिच्या पुढच्या खोलीतही. कागदोपत्री बघायला गेलं तर त्या सकाळी आमच्या चाळीतली प्रत्येक बाई चहाच टाकत होती. कोर्टात निघालं की तात्या त्या दिवशी गावी पूजेला बसले होते. पोरं पुराव्याअभावी सुटली. रमाकांतच्या उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. लाँड्री गेली. त्याची बायको कुंदा खानावळीचे डबे करू लागली आणि त्यावर घर चाललं.

आणि त्या बंदनंतर काही महिन्यांतच तात्यांनी चाळीला पाण्याची टाकी बांधून दिली म्हणून चाळीने त्यांना मानपत्र दिलं. ते मी लिहिलं. त्यात खरं वाक्य टाकीचं होतं, लोकांनी मानाही डोलावल्या. शेवटी मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं: आपले नम्र, समस्त रहिवासी.

इतक्या वर्षांनी चाळ पाडून टॉवर झाला. आम्ही जुने सगळे एकाच इमारतीत, फक्त गॅलरीऐवजी लिफ्ट आली. मी सातव्यावर, रमाकांत चौदाव्यावर. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाचा कार्यवाह अविनाश माझ्याकडे आला. आमच्या चाळीतच मोठा झालेला, आता लोअर परळला मोठ्या ऑफिसात आहे. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते.

"सुलूमावशी, यंदा मंडळातर्फे शांतता पुरस्कार द्यायचा ठरलाय. तात्यांना. ट्रॉफी ऑर्डर केलीय, पण मानपत्र तुमच्या हातचं पाहिजे. कॉम्प्युटरला ती मजा नाय."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. मी म्हटलं, "कसला पुरस्कार?"

"शांतता. मावशी, तुम्ही बोलणार ते मला माहितीय. जुनं सगळं मला पण माहितीय. पण दोन वर्षांपूर्वीचं विसर्जन आठवा. पलीकडच्या मंडळाशी डीजेवरून राडा झालेला, दोन्हीकडच्या पोरांनी हातात दगड घेतलेले. पोलीस बाजूला उभे. तात्या आले, टेम्पोवर चढले, एक हात वर केला. बस. एकाच्या पण डोक्याला लागलं नाय. तुम्ही होतात ना तिथे?"

मी होते. तो सांगत होता ते अक्षरशः खरं होतं.

"मग त्या दिवशी माझ्या भावाचं डोकं फुटलं असतं तर?" अविनाश म्हणाला. "माणूस बदलतो, मावशी. ज्याचं पोरं ऐकतात त्यानेच शांतता आणली तर त्याला पुरस्कार नको? का फक्त ज्याने आयुष्यात माशी मारली नाय त्यालाच द्यायचा? त्याचं कोण ऐकणार?"

मुद्दा बिनतोड होता आणि म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ज्याने हातात दगड दिला त्यानेच तो काढून घेतला, तर त्याची मिरवणूक काढायची?"

"दगड तात्यांनी दिला नव्हता."

"ह्या वेळी नव्हता."

त्याने फोनकडे बघितलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तात्यांचं काम आहे आणि मी नाही म्हटलं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं असतं, आणि माझी छाती तेवढी नव्हती. मग मला ती जुनी रीत आठवली. मी म्हटलं, "लिहिते. पण समस्त रहिवासी लिहिणार नाही. खाली चार बोटं जागा सोडते. पूर्वीसारखं दारोदार फिरवू, ज्याला द्यायचंय तो सही करेल."

अविनाशला कल्पना फारच आवडली. "एक नंबर, मावशी. प्रत्येक घराची सही. तात्या खूश होतील."

मी मजकूर लिहिला. विसर्जनाचं ते वाक्य घातलं. ते खरंच होतं. मग कागद ड्रॉइंग बोर्डला लावला, वर बटर पेपर टाकला, शाई एकसारखी यावी म्हणून माझंच पेन घेतलं आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. चार दिवस रोज संध्याकाळी फिरत होते.

काय सांगू तुम्हाला त्या चार दिवसांचं. नाही म्हणून कोणीच म्हणालं नाही. सेफ्टी डोअरच्या जाळीतून एक सूनबाई म्हणाली, हे घरी नाहीत, आणि आत ह्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. एकीचे हात पिठाचे होते. मी म्हटलं धुऊन ये, थांबते. तर म्हणाली, अजून बऱ्याच पोळ्या आहेत. अकराव्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी चष्मा लावून पूर्ण मजकूर वाचला, एका वाक्यात सुधारणाही सुचवली, आणि म्हणाले, "सही म्हणजे विषय फार वैयक्तिक होतो हो. आपली भावना सामूहिक आहे. 'समस्त' लिहा ना, त्यात आम्ही आलोच."

त्यात आम्ही आलोच. हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकलं की शेवटी शेवटी दार उघडायच्या आधी मला ऐकू यायला लागलं. समस्तमध्ये यायला सगळे तयार. नाव लिहायचं म्हटलं की पिठाचे हात. ही माणसं तात्यांना मान द्यायला तयार नव्हती आणि द्यायचा नाही असं म्हणायलाही तयार नव्हती. त्यांच्यावर मी मनातल्या मनात इतकी चिडले की लिफ्टमध्ये एकटीच बडबडत होते. मग लिफ्टच्या आरशात चिडलेली बाई दिसली. तिचाही चहा अजून उतू जात होता.

एकाने मात्र मनापासून सही केली. दत्ताराम, पाचव्या मजल्यावरचे. म्हणाले, "माझ्या पोराला तात्यांनी कामाला लावला. बाकीचं काय ते मला माहीत नाही असं नाही, पण मी सही करणार." पूर्ण नाव लिहिलं, खाली रेघ मारली. मला ते पटलं नाही. पण त्या माणसाने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि त्या चार दिवसांत मला ज्याचा आदर वाटला असा तो एकच. कागदावर एकूण चार सह्या पडल्या, त्यातल्या तीन मंडळाच्या पदाधिकाऱ्यांच्या.

चौदावा मजला मी शेवटासाठी ठेवला होता. खरं तर जायचंच नव्हतं. पण एक दार टाळलं तर मग ही रीत कसली.

कुंदाने दार उघडलं. "ये गो, सुलू. हातात काय हाडलंस?"

रमाकांत खिडकीपाशी बसला होता. त्याने बोर्ड मांडीवर घेतला आणि वाचला. सावकाश, तोंडातल्या तोंडात. मला वाटलं आता फेकून देईल. त्याने विसर्जनाच्या वाक्यावर डाव्या हाताचं बोट ठेवलं.

"हे खरं आहे. मी खिडकीतून बघितलं. हात वर केला आणि सगळी पोरं पुतळ्यासारखी उभी."

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे थांबवता येतं त्याला. मला इतकी वर्षं वाटायचं, पोरं हाताबाहेर गेली असतील, त्याला तरी काय माहीत. कोर्टात पण म्हणाले, तो गावी होता. मी शटरखाली होतो, मला काही दिसलं नाही. पण त्याच्या नुसत्या हाताने एवढी गर्दी थांबते, तर माझ्या वेळी तो हात कुठे होता, एवढंच मला विचारायचंय." मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "सुलू, तुझ्या गॅलरीतून दूध केंद्राचा कोपरा दिसायचा ना गं?"

इतक्या वर्षांत त्याने हे मला कधी विचारलं नव्हतं. त्याचा स्वर भांडणाचा नव्हता, पत्ता विचारावा तसा होता. आणि मी, साठी उलटलेली बाई, नवरा गेलेला, मुलगी सासरी, कोणाची भीती उरलेली नाही अशी, पुन्हा म्हणाले, "मी आत होते रे. चहा टाकत होते."

"बरं," रमाकांत म्हणाला. बोर्ड परत दिला. "त्या टाकीच्या वेळचं मानपत्र लाऊडस्पीकरवर वाचलेलं, आठवतं? मी घरी पडून होतो, हात गळ्यात. समस्त रहिवासी, असं ऐकलं. म्हटलं, अरे वा, मी पण दिलं वाटतं. ह्या वेळी मला त्यातून काढ, एवढं कर."

घरी आले आणि बोर्ड भिंतीला टेकवून बसले. एक माणूस मला म्हणत होता, समस्तमधून मला काढ. आणि मला तो शब्द फक्त लिहिता येत होता, त्यातून माणूस काढायचा कसा ते येत नव्हतं.

चार सह्यांचा कागद बघून अविनाशचा चेहरा उतरला. "मावशी, हे देता येणार नाय. बाकीची जागा रिकामी कशी दिसते बघा." दुसऱ्या दिवशी त्याने कॉम्प्युटरवर मानपत्र छापून घेतलं, कडेला सोनेरी कमळं. मजकूर माझाच, शेवटची ओळ त्याची.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता, इमारतीसमोरच्या मंडपात. सगळे आले होते. पिठाचे हात, खोकला, प्राध्यापक, सगळे. माझी खुर्ची दुसऱ्या रांगेत होती. कडेला, खांबाजवळ, रमाकांत आणि कुंदा बसले होते. तो अशा कार्यक्रमांना कधीच येत नसे. तात्या स्टेजवर पांढऱ्या कपड्यांत, चेहऱ्यावर हसू. निवेदिकेने मानपत्र वाचायला घेतलं. आवाज चांगला होता तिचा. विसर्जनाच्या वाक्याला टाळ्या पडल्या. मग शेवट आला. "आपले नम्र, आम्ही समस्त रहिवासी."

"समस्त नाही," रमाकांत म्हणाला. उभा राहून, साध्या आवाजात, रेशनच्या दुकानात चूक दाखवावी तसा. "एक कमी करा."

निवेदिका थांबली. मंडपात एकदम शांतता झाली. मंडळाला हवी होती तशीच. पुढच्या रांगांतले लोक मान न वळवता डोळ्यांनी मागे बघायला लागले. कुंदा त्याचा सदरा ओढत नव्हती, हे मला दिसलं. ती ताठ बसली होती.

मी उभी राहिले. माझे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी ते माझ्या आधी उठले. "दोन," मी म्हटलं. आवाज मागपर्यंत गेला नसेल म्हणून परत म्हटलं, "दोन कमी करा. मी त्या सकाळी गॅलरीत होते."

तिसरं कोणी उभं राहिलं नाही. राहतील असं मला क्षणभर वाटलं होतं, हे कबूल करते. प्राध्यापक कार्यक्रमपत्रिका वाचत होते.

मंडपाच्या मागे उभी असलेली तात्यांची चार-पाच पोरं रमाकांतच्या खांबाकडे निघाली. नवी पोरं होती, रमाकांतला ओळखतही नसतील. मी स्टेजकडे बघितलं. तात्यांनी हसू न मोडता पंजा वर केला. नुसता पंजा. पोरं जिथल्या तिथे थांबली.

तोच हात. जीपला टेकलेल्या माणसाच्या केसांचा रंग बदलला होता, हात तोच होता. मी रमाकांतकडे वळले. तो त्या पंजाकडे बघत होता, आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला जे माझ्याकडून इतकी वर्षं हवं होतं ते तात्यांनी स्वतःच हात वर करून दाखवलं होतं. मी फक्त मान डोलावली.

पुढे काय, तर स्पीकरवर गाणं लागलं, ट्रॉफी दिली गेली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी आमच्या भागाच्या एका न्यूज चॅनेलवर आलं: पुरस्कार सोहळ्यात विरोधकांचा गोंधळ, तात्यांनी दाखवला संयम. म्हणजे आम्ही दोघं म्हातारी उभी राहिलो हा गोंधळ, आणि पोरांना मारू दिलं नाही हा संयम. पुढच्या वर्षी याबद्दल आणखी एक पुरस्कार द्यायला हरकत नाही. शांतता म्हणजे काय, तर मारायची ताकद असताना आज मारलं नाही, एवढीच ज्यांची व्याख्या आहे त्यांना माझ्यासारखीने काय समजवायचं. आणि ज्यांच्या घरी बंदच्या त्या सकाळी अचानक चहा चुलीवर होता, त्या मंडळींनी आता शांततेवर बोलूच नये. मीही बोलू नये. पण मी बोलणार आहे, कारण गप्प बसून काय होतं ते मी चौदाव्या मजल्यावर रोज बघते.

त्या आठवड्यात मी एका वकिलाकडे जाऊन आले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, बाई, आता तुमच्या म्हणण्याने कोर्टात काही हलणार नाही. बरं, म्हटलं. कोर्टासाठी नाही तर नाही.

मी माझ्याकडचा शेवटचा चांगला जाड कागद काढला. निब धुतली. विशेषण एकही घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं मानपत्र लिहिलं ज्यात बाबा म्हणायचे तसली खरी वाक्यंच होती आणि दुसरं काही नव्हतं. फ्रेम करून चौदाव्यावर घेऊन गेले आणि रीतीप्रमाणे उभं राहून वाचलं.

'श्री. रमाकांत यांस. बंदच्या त्या सकाळी तात्या दूध केंद्राच्या कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी बोटं हलवल्यावर मुलं आपल्याकडे गेली आणि त्यांनी पंजा वर केल्यावर थांबली. हे मी गॅलरीतून पाहिलं. मी तेव्हा चहा टाकत नव्हते.'

रमाकांतने फ्रेम डाव्या हाताने धरली, उजवा हात खाली आधाराला लावला. "उशीर केलास सुलू," म्हणाला. कुंदाने डोळ्याला पदर लावला आणि आत गेली.

"दाराबाहेर लावतो," थोड्या वेळाने तो म्हणाला. "लिफ्टमधून उतरणाऱ्याला दिसेल असं."

तिथेच लावलंय. माणसं येतात, वाचतात, लिफ्टचं बटण दाबतात. अविनाश एकदा येऊन वाचून गेला, माझ्याशी अजून नीट बोलत नाही. लिहिणाऱ्याने नाव घालायचं नसतं, पण त्या कागदावर शेवटी समस्त वगैरे काही नाही. खाली माझं नाव आहे, आडनावासकट, आणि चाळीतल्या त्या खोलीचा नंबर.